एक जागा रिकामी सोडली आहे

मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन शिकवताना सुरुवातीलाच एक नियम सांगितला जातो. ऐकू आलं नाही तर अंदाज बांधायचा नाही. फाईल मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची. वेग कमी करून ऐकायची. शेजारच्या टेबलावरच्या सीनिअरच्या कानाला आपला हेडफोन लावायचा. तरीही शब्द लागला नाही तर तिथे चार-पाच अंडरस्कोर ओढायचे, ऑडिओतली वेळ नोंदवायची आणि पुढे जायचं. याला ‘ब्लँक सोडणं’ म्हणतात. ब्लँक असलेला रिपोर्ट आधी क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या, माणसाकडे जातो. त्यालाही शब्द लागला नाही, तर रिपोर्ट त्या रिकाम्या जागेसकट डॉक्टरकडे परत जातो, सोबत एक टीप: इथे काय म्हणालात ते कृपया पाहावं.

ब्लँक फार सोडले की टीम लीडरचा ओरडा बसतो. पण अंदाजाने घातलेला शब्द चुकला, औषधाचं नाव किंवा मात्रा चुकली, तर तो अख्खा रिपोर्ट नापास. या दोहोंच्या मधल्या पट्टीत ट्रान्स्क्रिप्शनिस्टचं आयुष्य जातं. टायपिंग होतं, ते यंत्राने घेतलं, असं या धंद्याबद्दल सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. बोटांचं काम यंत्राने घेतलं हे खरं. पण ब्लँक कुठे सोडायचा हे बोटं ठरवत नव्हती.

आपल्याकडे ओपीडीत डॉक्टर केसपेपरवर तीन ओळी लिहितात आणि पुढचा पेशंट आत येतो. अमेरिकेत एवढ्याने भागत नाही. तिथे सरकारची मेडिकेअर योजना किंवा विमा कंपनी पैसे देते ते नोंदीत काय लिहिलंय ते पाहून. लिहिलं नाही ते केलंच नाही, असा हिशेब. कोर्टातही हीच नोंद उभी राहते. त्यामुळे दाखल होताना पूर्वेतिहास आणि तपासणी, तज्ज्ञाचं मत, शस्त्रक्रियेचा वृत्तान्त, घरी सोडतानाचा सारांश, असं सगळं सविस्तर, वाक्यांमध्ये लागतं. एवढं हाताने लिहायला डॉक्टरला वेळ नाही, म्हणून तो बोलतो. डिक्टाफोन हे नाव १९०७ मध्ये नोंदवलं गेलं, म्हणजे बोलून लिहून घ्यायची ही सवय शंभर वर्षांहून जुनी आहे. पुढे टोल-फ्री नंबर आले. डॉक्टरने फोन लावायचा, रुग्णाचा नंबर दाबायचा आणि जेवता जेवता, कॉरिडॉरमध्ये चालता चालता, कधी गाडी चालवताना बोलत सुटायचं.

ऐकणाऱ्या बहुतेक बायका होत्या. आधी रुग्णालयाच्या तळघरातल्या रेकॉर्ड विभागात, मग घरी. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉडेस्टो गावी त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, अमेरिकन असोसिएशन फॉर मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन. तिने परीक्षा काढली, शैलीचं पुस्तक काढलं, आणि आम्ही टायपिस्ट नाही हे सांगण्यात आपली पुढची तीसेक वर्षं घालवली. ते कुणी फारसं ऐकलं नाही, याचं कारण पैसे मोजण्याच्या पद्धतीत होतं. या कामाचा दर ओळीवर ठरतो. ओळ म्हणजे रिकाम्या जागा धरून ६५ अक्षरं. एका शब्दासाठी दहा मिनिटं कान झिजवले आणि शेवटी ब्लँक सोडला, तर त्या दहा मिनिटांचे पैसे शून्य. चुकीचा शब्द बिनदिक्कत घातला असता तर तो ओळीत मोजला गेला असता. एवढा उलटा हिशेब असूनही बहुतेक जणी ब्लँक सोडत राहिल्या, याला व्यावसायिक सचोटी याखेरीज दुसरं नाव नाही.

हे काम भारतात आलं ते घड्याळामुळे. न्यूयॉर्कमधला डॉक्टर संध्याकाळी सहाला डिक्टेशन देतो तेव्हा आपल्याकडे, तिकडचा उन्हाळा-हिवाळा पाहून, पहाटेचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतात. सकाळच्या पाळीतल्या मुलींनी फाईल उचलली, दुपारी क्यूए झालं, की त्याच्या सकाळच्या राउंडला रिपोर्ट हजर. नव्वदच्या दशकात बंगळुरूत याची सुरुवात झाली आणि दशक संपता संपता मुंबईत कंपन्या उभ्या राहिल्या. त्यातली सीबे सिस्टिम्स १९९८ची, व्ही. रामन कुमार यांची. तिची गोष्ट पुढे येईल, कारण ती वाटते त्याहून लांबची निघाली.

त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या ‘एमटी शिका, डॉलरमध्ये कमवा’ छापाच्या जाहिराती पन्नाशीतल्या वाचकांना आठवत असतील. गल्लोगल्ली क्लास निघाले. बीएस्सी झालेली मुलं, बीएचएमएस-बीएएमएस होऊन दवाखाना टाकायला पैसे नसलेले डॉक्टर, बी. फार्म., आणि जिल्ह्याच्या गावी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तीस आणि चाळीसची परीक्षा दिलेल्या मुली. फी भरमसाट होती आणि फी घेणाऱ्यांपैकी कित्येकांकडे अमेरिकेतलं काम नव्हतंच. दोन-तीन वर्षांत फुगा फुटला, क्लास बंद पडले, फीबरोबर काहींची उमेदही गेली. जे टिकले त्यांची मात्र कानाची तयारी अशी झाली की ऐकून थक्क व्हावं.

कारण डॉक्टर वाचकासाठी बोलत नाही. तो भरभर बोलतो, खोकतो, मध्येच नर्सशी बोलतो, मागे पेजर वाजतो. इलियम नावाचे दोन अवयव आहेत, एक आतड्याचा भाग आणि एक कमरेचं हाड. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, कानाला काहीच नाही. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलायला. सेलेब्रेक्स सांधेदुखीवर, सेलेक्सा नैराश्यावर, सेरेबिक्स झटक्यांवर. फोनवरच्या खरखरीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक शोधून दाखवावा. यातलं काहीही नुसत्या कानाने सुटत नाही. पुढे-मागे काय चाललंय ते कळावं लागतं. रुग्ण ऑर्थोपेडिक्सचा की सर्जरीचा, आधीच्या परिच्छेदात कुठलं औषध चालू होतं, ही मात्रा या औषधाला शक्य तरी आहे का. म्हणून हातापाशी औषधांची सूची आणि स्टेडमनची शब्दपुस्तकं. पायाखाली पेडल असायचं. टाच-पंजाने ऑडिओ मागेपुढे करायचा म्हणजे हात कीबोर्डवरून हलत नाहीत.

आणखी एक गोष्ट व्हायची, तिचा उल्लेख कुठल्या कंत्राटात नव्हता. डॉक्टर डिक्टेशनच्या सुरुवातीला उजवा गुडघा म्हणायचा आणि शेवटी डावा. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगून पाच मिनिटांनी त्याच वर्गातलं औषध लिहून द्यायचा. ट्रान्स्क्रिप्शनिस्ट ते पकडायची आणि रिपोर्टला झेंडा लावायची, म्हणजे ‘फ्लॅग’ करायची. बदल तिने करायचा नाही, फक्त विचारायचं. थोडक्यात, डॉक्टरचं म्हणणं पहिल्यांदा सलग वाचणारी व्यक्ती तीच. बऱ्याच नोंदींच्या बाबतीत शेवटचीही तीच, कारण सही करताना डॉक्टर वाचतातच असं नाही.

आपल्या लोकांना एका गोष्टीत हात दिला, तो अमेरिकेतल्या परदेशी डॉक्टरांनी. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या डॉक्टरांना या धंद्यात ‘ईएसएल’ म्हणतात, आणि त्यांच्या फाईली अमेरिकन बायका टाळायच्या. ओहायोतल्या तेलुगू किंवा गुजराती डॉक्टरांचं इंग्रजी मात्र मुंबईतल्या कानाला माहेरचं. टेक्ससमध्ये जन्मलेला गोरा सर्जन बोलायला लागला की त्याच कानांना घाम फुटायचा.

चूक झाली तर काय होतं, हे अलाबामातल्या एका खटल्याने दाखवलं. २००८ मध्ये एका मधुमेही बाईला रुग्णालयातून सोडताना डॉक्टरने लेव्हेमिर इन्सुलिनचे ८ युनिट सांगितले. कागदावर ८० आले. तो कागद पुढच्या शुश्रूषाकेंद्रात गेला, नर्सने कागद वाचून इंजेक्शन दिलं आणि ती बाई दगावली. टाइप करण्याचं काम रुग्णालयाकडून एका कंपनीकडे, तिच्याकडून दुसरीकडे, असं उतरत भारतापर्यंत आलं होतं. डिसेंबर २०१२ मध्ये ज्युरीने १४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. ही बातमी आली तेव्हा इकडच्या ऑफिसांत काय वातावरण असेल याची कल्पना करता येते. पण या प्रकरणातली साखळी पाहिली की दुसरंच काही खटकतं. प्रत्येक पायरीवर ओळीचा दर खाली येतो आणि शेवटच्या पायरीवर वेळ उरतो तो फक्त टाइप करण्यापुरता.

साखळीचा दुसरा तमाशा त्याआधीच झाला होता. ऑक्टोबर २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयाला कराचीहून ई-मेल आला. थकलेले पैसे द्या, नाहीतर तुमच्या रुग्णांच्या नोंदी इंटरनेटवर टाकते. खात्री पटावी म्हणून नोंदी जोडलेल्या होत्या. रुग्णालयाला वाटत होतं काम शेजारच्या सॉसलिटो गावात होतं. तिथून ते फ्लोरिडा, फ्लोरिडातून टेक्सस, टेक्ससमधून कराची असं गेलं होतं. गोपनीयतेचा हिपा कायदा १९९६चा, त्याचे नियम या प्रकरणाच्याच वर्षी, एप्रिल २००३ मध्ये, अमलात आले होते. या प्रकरणानंतर भारतातल्या कंपन्यांत पेन-ड्राइव्हचे पोर्ट बंद झाले, मोबाइल दाराशी जमा होऊ लागले, टेबलावर कोरा कागदसुद्धा चालेना.

यंत्र आधी आलं ते ध्वनीतून, कायद्याचा रेटा नंतरचा. बोलणं ओळखणारं ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग १९९७चं. २००० साली ड्रॅगन आणि डिक्टाफोन दोन्ही बेल्जियमच्या एका कंपनीने विकत घेतले आणि ती लगोलग हिशेबांच्या घोटाळ्यात बुडाली. फिरत फिरत दोन्ही नावं न्युआन्स कंपनीत आली आणि न्युआन्स २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली. दरम्यान ट्रान्स्क्रिप्शन कंपन्यांनी हे तंत्र मागच्या बाजूला बसवलं. डॉक्टर पूर्वीसारखाच फोनवर बोलायचा, यंत्र मसुदा करायचं आणि ट्रान्स्क्रिप्शनिस्ट ऑडिओ ऐकत तो दुरुस्त करायची. तिचं पद बदललं, ती ‘एडिटर’ झाली. दर साधारण अर्ध्यावर आला. व्यवस्थापनाचं म्हणणं, टाइप करायचं नाही म्हणजे काम निम्मं. जिने हे काम केलंय तिला विचारा. टाइप करताना चूक होते ती स्पेलिंगची, डोळ्यांना टोचते. यंत्राची चूक व्याकरणशुद्ध असते. ‘छातीत दुखत नाही’ मधलं ‘नाही’ गळतं आणि वाक्य तरीही गोंडस दिसतं. ते पकडायला कान आणि डोळे दोन्ही एकाच वेळी जागे ठेवावे लागतात आणि आठव्या तासाला ते जमत नाही.

या दुरुस्तीची किंमत किती, याचा एक आकडा २०१८ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये आला. बोस्टन आणि कोलोरॅडोतल्या दोन रुग्णालय समूहांतल्या २१७ नोंदी तपासल्या. यंत्राने काढलेल्या कच्च्या मसुद्यात दर शंभर शब्दांमागे ७.४ चुका होत्या. ट्रान्स्क्रिप्शनिस्टच्या हातून गेल्यावर ०.४ राहिल्या. डॉक्टरने सही केली तेव्हा ०.३. हे तीन आकडे मी जितक्या वेळा पाहतो तितक्या वेळा मला त्या अर्ध्या दराची आठवण होते.

मग कायदा आला. १७ फेब्रुवारी २००९ रोजी डेन्व्हरमध्ये ओबामांनी मंदीवरच्या उपाययोजनेच्या कायद्यावर सही केली. त्यातच हायटेक नावाचा भाग होता. डॉक्टरांनी इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड वापरलं, तेही ‘अर्थपूर्ण रीतीने’, तर मेडिकेअरकडून प्रत्येकी ४४ हजार डॉलरपर्यंत प्रोत्साहन. न वापरलं तर २०१५ पासून बिलातून कपात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या दहातल्या जेमतेम एका रुग्णालयात मूलभूत स्वरूपाची अशी यंत्रणा होती. २०१५ पर्यंत ९६ टक्के रुग्णालयांकडे प्रमाणित यंत्रणा आली. एवढा मोठा बदल एवढ्या कमी वेळात त्या देशातल्या आरोग्यसेवेत क्वचितच झाला असेल.

सरकारला हवे होते मोजता येणारे रकाने. आजारांची यादी, औषधांची यादी, ॲलर्जी, तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाची धूम्रपानाची स्थिती. ट्रान्स्क्रिप्शनिस्टने टाइप केलेला सुंदर परिच्छेद माणसाला वाचता येतो, संगणकाला मोजता येत नाही. म्हणून डॉक्टरसमोर ड्रॉपडाउन आले, टिकमार्क आले, तयार साचे आले, आणि ते भरायला डॉक्टरच बसला. ट्रान्स्क्रिप्शनचा खर्च वाचेल, हे ही सॉफ्टवेअर विकताना हमखास सांगितलं जाई. खर्च वाचला, म्हणजे तो ताळेबंदातल्या एका ओळीवरून उठून डॉक्टरच्या संध्याकाळवर जाऊन बसला. २०१६च्या एका अभ्यासात दिसलं की रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे डॉक्टरचे जवळपास दोन तास संगणक आणि कागदपत्रांत जातात. रात्री जेवणं झाल्यावर घरी नोंदी पुऱ्या करण्याला तिकडचे डॉक्टर ‘पजामा टाइम’ म्हणू लागले.

नोंदी सुधारल्या असत्या तर हेही चाललं असतं. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्याच त्या विद्यापीठाने आपल्या नोंदींतला मजकूर कुठून येतो ते मोजलं. डॉक्टरांनी हाताने टाइप केलेला १८ टक्के. बाकीच्यात ४६ टक्के आधीच्या नोंदीतून कॉपी-पेस्ट आणि ३६ टक्के यंत्रणेने आपोआप ओढून आणलेला. कालच्या नोंदीत चुकलेलं आज, उद्या, परवा तसंच पुढे जातं, आणि वाटेत कुणी झेंडा लावत नाही, कारण ज्या व्यक्तीचं ते काम होतं तिचा कॉम्प्युटर बंद झालेला असतो.

अमेरिकेच्या कामगार खात्याच्या नोंदींत ट्रान्स्क्रिप्शनिस्टच्या नोकऱ्या २०१० मध्ये सुमारे ९५ हजार होत्या, २०१६ मध्ये सुमारे ५७ हजार उरल्या. इथे मुंबईच्या सीबेची गोष्ट पुन्हा उचलतो. २००८ मध्ये या कंपनीने फिलिप्सकडून अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ट्रान्स्क्रिप्शन कंपनीतला, मेडक्विस्टमधला, बहुमताचा वाटा विकत घेतला होता. कालचा उपकंत्राटदार मालक झाला. मेडक्विस्टने २०११ मध्ये पिट्सबर्गची एम-मोडल ही ध्वनी-तंत्रज्ञानाची कंपनी घेतली आणि पुढे तिचंच नाव लावलं. २०१४ मध्ये ती दिवाळखोरीच्या कोर्टात होती. पाच वर्षांनी तंत्रज्ञानाचा भाग थ्रीएमने सुमारे एक अब्ज डॉलरला उचलला आणि माणसं करतात तो सेवेचा भाग ॲक्विटी या नावाने वेगळा निघाला. यंत्राला कुठे आणि माणसांना कुठे ठेवलं जातं, हे या वाटणीत लख्ख दिसतं. मग २०२३ मध्ये ॲक्विटीला विकत घेतलं ते ऐरोलीच्या आयकेएस हेल्थने, सुमारे २० कोटी डॉलरना. आयकेएस डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शेअर बाजारातही आली. सगळी वरात अमेरिका फिरून ठाण्याच्या खाडीकाठी परत.

माणसांचं काय झालं, हे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीइतकं सरळ सांगता येत नाही. ज्यांची विशी-पंचविशी होती त्यांनी कोडिंगची वाट धरली. रुग्णाच्या नोंदीतून निदान आणि उपचार ओळखून त्यांना बिलासाठी सांकेतिक क्रमांक द्यायचे, हे ते काम. १ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेने रोगांची दहावी वर्गवारी लागू केली आणि निदानाच्या क्रमांकांची संख्या सुमारे १४ हजारांवरून ७० हजारांच्या घरात गेली. डावा की उजवा, पहिली भेट की नंतरची, सगळ्याला वेगळा क्रमांक. कोडर कमी पडू लागले आणि त्या वेळी शरीरशास्त्र, औषधं आणि नोंदीची ठेवण माहीत असलेली तयार फौज म्हणजे ट्रान्स्क्रिप्शनवाले. सीपीसी ही त्या क्षेत्रातली मानाची परीक्षा. आता तिच्यात शंभर प्रश्न, चार तास, पुस्तकं उघडून सोडवायची, सत्तर टक्क्यांना पास. पुस्तक उघडं असून लोक नापास होतात, कारण शोधायचं काय हे नोंद वाचून कळावं लागतं. ट्रान्स्क्रिप्शन केलेल्यांना ते कळतं. बदल त्यांना जड जातो तो वेगळाच. वीस वर्षं कानाने काम केलेल्या माणसाला दिवसभर शांततेत बसावं लागतं.

दुसरी वाट स्क्राइबची. रेकॉर्डमध्ये टाइप करून जेरीस आलेल्या डॉक्टरांनी शेवटी मदतनीस मागितलाच. तपासणीच्या खोलीत कोपऱ्यात बसून रकाने भरणारा. मग तो कोपराही रिकामा झाला आणि स्क्राइब समुद्रापार गेला. ऑगमेडिक्स या कंपनीने डॉक्टरच्या डोळ्यांवर गूगल ग्लास चढवून बांगलादेशात नोंदी लिहून घेतल्या. नवी मुंबईतही असे आभासी स्क्राइब बसतात. डॉक्टर आणि रुग्णाचं बोलणं थेट ऐकायचं आणि भेट संपेपर्यंत नोंद तयार ठेवायची. जुन्या कामाच्या हे सर्वांत जवळचं, फक्त इथे पेडल नाही. मागे जाता येत नाही, आणि तिथला दिवस म्हणजे आपली रात्र. ट्रान्स्क्रिप्शनचा मोठा फायदा हाच होता की फाईल दिवसा उचलता यायची, मूल शाळेत गेल्यावर घरी बसून करता यायची. म्हणून लग्नानंतर, बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या बायकांना स्क्राइबची वाट बहुधा बंदच. ऐरोलीत रात्री नऊला हजर व्हायला आणि पहाटे कॅबने परतायला घरात कोण हो म्हणणार? ‘करिअर बदला’ असा सल्ला देणाऱ्या व्याख्यानांत हा मुद्दा येत नाही. ज्यांना बदलता आलं नाही त्यांनी दर उतरत गेला तसतसं काम वाढवलं आणि एक दिवस लॉग-इन बंद केलं. कुणी ट्यूशन घेतात, कुणी टीपीएच्या ऑफिसात विम्याचे दावे तपासतात.

अमेरिकेतली संघटना २००७ मध्येच नाव बदलून बसली होती, असोसिएशन फॉर हेल्थकेअर डॉक्युमेंटेशन इंटेग्रिटी. पुढे तिने परीक्षांची नावंही बदलली, ट्रान्स्क्रिप्शनिस्ट जाऊन डॉक्युमेंटेशन स्पेशालिस्ट आला. नाव बदलल्याने दर वाढत नाही, पण रोख बरोबर होता. टाइप करणाऱ्यांपेक्षा नोंद खरी आहे की नाही हे पाहणाऱ्यांना पुढे काम असेल, हे त्यांनी ओळखलं.

या दरम्यान जुना धंदा संपला असं समजणाऱ्यांना २०१७च्या जूनमध्ये दणका बसला. नॉटपेट्या नावाच्या सायबर हल्ल्यात न्युआन्सची ट्रान्स्क्रिप्शन यंत्रणा आडवी झाली आणि अनेक रुग्णालयांची डिक्टेशनं कित्येक दिवस अडकून पडली. फोनवर बोलणारे डॉक्टर अजून किती आहेत, हे त्यांना अशा वेळी कळलं.

आताची लाट तपासणीच्या खोलीतलं संभाषण ऐकून आपोआप नोंद लिहिणाऱ्या एआयची. कॅलिफोर्नियातल्या परमनंटे मेडिकल ग्रुपने ऑक्टोबर २०२३ मध्ये ही सोय दिली, तेव्हा दहा आठवड्यांत ३,४४२ डॉक्टरांनी तीन लाखांहून जास्त भेटींत ती वापरली. डॉक्टर खूश आहेत आणि त्यांचं खूश असणं मला समजतं. रुग्णाच्या तोंडाकडे पाहून बोलता येतं, संध्याकाळ परत मिळते. पण यंत्राला ब्लँक सोडणं शिकवणं अवघड आहे. न कळलेल्या जागी ते सर्वांत शक्य वाटणारा शब्द ठेवतं, आणि शांततेच्या जागीही कधी कधी अख्खं वाक्य रचतं. ओपनएआयच्या व्हिस्पर या मॉडेलवर २०२४ मध्ये झालेल्या अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रणांत न बोललेली वाक्यं सापडली. एक टक्का ऐकायला कमी वाटतं. दिवसाला हजार रुग्ण पाहणाऱ्या रुग्णालयाने तो स्वतःच्या ओपीडीला लावून पाहावा. याच मॉडेलवर बेतलेलं एक वैद्यकीय उत्पादन नोंद तयार झाली की मूळ ध्वनिमुद्रण गोपनीयतेसाठी पुसून टाकतं, असंही त्या सुमारास बाहेर आलं. ज्याने आयुष्यभर शंका आली की पेडल दाबून मागे जाऊन ऐकलं, त्याच्या दृष्टीने हे विहिरीतून पाणी काढून विहीर बुजवण्यासारखं आहे. नोंद बरोबर आहे का हे विचारायला जायचं कुठे?

म्हणून कंपन्यांत पुन्हा माणूस बसवला जातोय. यंत्राने मसुदा करायचा, माणसाने ऐकून तपासायचा आणि महागड्या सेवेत तो डॉक्टरपर्यंत शुद्ध पोचवायचा, अशी रचना ऐरोलीपासून पिट्सबर्गपर्यंत दिसते. काम ओळखीचं आहे. मोजणी ओळीवरून नोंदीवर आली आहे, आणि नोंदीमागे किती मिनिटं धरायची यावर आता ओढाताण चालते. शंका आली तर थांबून ऐकायला लागलेली मिनिटं त्यात धरली, तर हे करिअर टिकेल. ती फुकटात गृहीत धरली, तर पुन्हा तोच अर्धा दर.

आपल्या रुग्णालयांत हे सगळं वेगळ्या वाटेने येतंय. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोनोग्राफी-सीटी स्कॅन सेंटरमध्ये डॉक्टरच्या केबिनबाहेर एक टायपिस्ट बसलेली असते. ‘नॉर्मल स्टडी’ची जुनी फाईल उघडायची, नाव बदलायचं, डॉक्टर सांगतील ते घालायचं, ही पद्धत. पुरुषाच्या रिपोर्टमध्ये गर्भाशय नॉर्मल आल्याचे किस्से याच फाईलींतून निघतात, आणि न निघालेल्या किश्शांचं श्रेय त्या टायपिस्टचं, जी खुर्ची वळवून, ‘सर, डावीच किडनी ना?’ म्हणून विचारते. तिला ट्रान्स्क्रिप्शनिस्ट म्हणत नाहीत, तिची संघटना नाही, परीक्षा नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या, एनएचएसच्या, डॉक्टरांची पत्रं टाइप करणाऱ्या स्क्राइबटेक कंपनीच्या घरातून निघालेलं ऑग्निटो हे मुंबईचं ध्वनी-सॉफ्टवेअर आता भारतीय रेडिओलॉजिस्टच्या टेबलावर पोचलंय. भारतीय उच्चारातलं वैद्यकीय इंग्रजी त्याला कळतं. केबिनबाहेरची खुर्ची त्यामुळे निघाली तर हिशेबात बचतच दिसेल.

सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू आहे. चौदा आकडी आभा क्रमांकाला एकदा जोडलेला रिपोर्ट रुग्णाबरोबर साताऱ्याहून पुण्याला, पुण्याहून मुंबईला जाणार. आजवर चुकीचा कागद फाईलीत पडून राहायचा किंवा पावसात भिजायचा. आता तो प्रवास करेल, आणि पुढच्या डॉक्टरने तो वाचला की त्यावर विश्वास ठेवेल. या मोहिमेत रुग्णालयांची नोंदणी आहे, डॉक्टरांची आहे, सॉफ्टवेअरच्या जोडणीचेही निकष आहेत. रिपोर्ट तपासून ‘सर, डावीच ना?’ विचारणारीचं पद मात्र कुठल्याच रकान्यात नाही.